निळ्याचे चार थेंब

मुलांनो, जरा खिडकीजवळ जा आणि काचेला तोंड लावून जोराने श्वास सोडा. काच धुरकट झाली ना? आता तिच्यातून बाहेर बघा. झाड दिसते, पण पाने दिसत नाहीत. कोणीतरी येते आहे, पण काका की मामा ते कळत नाही. आता अशी कल्पना करा, की ही काच बाहीने पुसता येत नाही, कारण ती खिडकीत नाही, तुमच्या डोळ्याच्या आत आहे. वर ती दिवसेंदिवस पिवळी पडत चालली आहे. आणि अशा डोळ्यांनी तुम्हाला शिडीवर चढून भिंती रंगवायच्या आहेत.

आपल्या गोष्टीतले आजोबा हेच काम दोन वर्षे करत होते आणि कोणाला पत्ता लागू देत नव्हते.

आजोबा रंगारी होते, पण साधेसुधे नव्हेत. रंगांचे छापील कार्ड त्यांनी आयुष्यात उघडले नव्हते. गिऱ्हाइकाने जुन्या भिंतीचा टवका आणून दिला, की ते तो चिमटीत धरून उजेडात फिरवत आणि पांढऱ्यात थेंब थेंब रंग टाकून अगदी तसाच रंग तयार करत. काम मनासारखे झाले, की दाराच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सर्वांत बारीक ब्रशने एक काळी मुंगी काढत. ती त्यांची सही. शेजारच्या गल्ल्यांत कितीतरी दारांमागे अशा मुंग्या होत्या आणि घरातल्या रांगत्या बाळांखेरीज त्या कोणी पाहिलेल्या नव्हत्या.

त्यांचे गुपित कळले ते नातीला. ती दहा वर्षांची होती आणि सुट्टीत राहायला आली होती. आल्या दिवसापासून ती सगळ्यांना कामाला लावी, म्हणून आजोबा तिला मुकादम म्हणत. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम पाणी प्यायला उठली, तर आजोबा दाराकडे तोंड करून कोणाशी तरी बोलत होते.

"अहो, असे उभे का? बसा ना. चहा टाकायला सांगतो."

दाराच्या खुंटीला आजीचा रेनकोट होता आणि त्याच्यावर टोपी.

"आजोबा, तो रेनकोट आहे."

"माहीत आहे मला."

"मग त्याला चहा कशाला?"

आजोबांनी इकडे तिकडे पाहिले, तिला जवळ ओढले आणि आवाज खाली आणला. "हे बघ मुकादम, मला जरा धुरकट दिसतं. मोतीबिंदू असणार. पण हे कोणाला सांगायचं नाही. कोणालाच नाही. दे शब्द."

"पण डॉक्टरकडे..."

"आधी शब्द दे."

तिने शब्द दिला. दिल्यावर तिला वाटले, आधी कारण विचारायला हवे होते. पण आता उपयोग नव्हता.

डॉक्टरकडे न जाण्याची आजोबांची कारणे तयार होती. पहिले असे, की मोतीबिंदू पिकावा लागतो आणि आपला अजून कच्चा आहे. दुसरे असे, की त्यांच्या ओळखीतल्या एका बँडवाल्याचे ऑपरेशन फार वर्षांपूर्वी झाले होते. त्याला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कितीतरी दिवस निजवले होते आणि पुढे त्याला बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. खरे कारण तिसरे होते आणि ते आजोबांनी तिला अगदी हळू सांगितले.

"डोळ्यात परकं भिंग बसवतात म्हणे. त्या भिंगातून मोतिया रंग मला मोतियाच दिसेल का गं? नाही दिसला, तर मग मी कोण?"

मुकादमने उठून तो रेनकोट दाराआड नेऊन टांगला.

घरात आणखी एक अडचण होती. आजीने आठ दिवसांपूर्वी कमरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत कापले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. आजोबा त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. त्यामुळे आजीने त्यांच्याशी बोलणे सोडले होते. आजोबांना वाटले, हिला डोळ्यांचा संशय आला. म्हणून ते तिच्या वाऱ्याला उभे राहीनात. त्यामुळे आजीला वाटले, केस यांना इतके आवडले नाहीत की हे तोंडसुद्धा बघत नाहीत. असे दोघे एकाच घरात एकमेकांना चुकवत फिरत होते.

आणि नेमके त्याच आठवड्यात काम आले ते डोळ्यांच्या दवाखान्याचे.

काम दोन दिवसांचे होते. दवाखाना शनिवार-रविवार बंद ठेवून पेशंटांची बसायची खोली आणि तिला लागून असलेला जिना पांढराशुभ्र करायचा. सोमवारी सकाळी आठला दारे उघडायची. आजोबांच्या हाताखाली काम करणाऱ्या भाच्याचा पाय शुक्रवारीच मुरगळला. आजोबा म्हणाले, एवढ्याला मी एकटा पुरे. आजी त्यांच्याशी बोलत नव्हती, म्हणून ती नातीला म्हणाली, "तू जा गं त्यांच्याबरोबर. वेळेवर चार घास खातात की नाही बघ. आणि सांग त्यांना, जिन्यावर जपून म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

शनिवारी पहिला हात मारायचा होता. आजोबांनी घोडा उघडला. घोडा म्हणजे रंगाऱ्यांची दोन्हीकडून पाय पसरून उभी राहणारी शिडी. आजोबा चढताना आणि उतरताना मुकादम खालून पायऱ्या मोजून सांगे. "सहा. पाच. चार." दुपारी तिला एक शिंक आली आणि "दोन" म्हणायचे राहिले. आजोबांना वाटले, जमीन आली. त्यांनी ऐटीत पाय टाकला तो थेट रंगाच्या बादलीत, घोट्यापर्यंत.

"मुकादम, शिंकायचं असेल तर आधी सांगत जा," आजोबा एक पाय पांढरा घेऊन म्हणाले.

तिला हसू आले आणि लगेच रडूही आले. कारण ही दुसरी पायरी होती. जिन्याचा वरचा पट्टा अजून बाकी होता. तिथे पोचायला घोड्यापासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत एक फळी टाकायची होती. फळीची रुंदी दीड पाऊल. खाली सतरा दगडी पायऱ्या. तिने त्या तीनदा मोजल्या होत्या.

"त्या फळीवर कोण चढणार?"

"मी. नाहीतर रेनकोटाला पाठवू?"

"कधी?"

"उद्या तीनला. चारला डॉक्टरीणबाई काम बघायला येणार आहेत."

रात्री तिने ताटातला भात नुसता चिवडला. आजीने विचारले, "काय झालं गं? तोंड का असं?" मुकादमने तोंड उघडले, शब्द आठवला, आणि मिटले. अंथरुणावर पडल्यावर मात्र तिने डोके चालवले. आपण शब्द काय दिला? कोणाला सांगायचे नाही. ठीक. पण आजोबांना मदत करायची, असा काही शब्द दिलेला नव्हता.

ही मदत कसली, ते सांगतो. नुसता पांढरा रंग भिंतीवर थोडा पिवळट वाटतो. म्हणून जुने रंगारी त्यात निळ्याचे थेंब टाकतात, जसे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात. बादलीला चार थेंब. मग तो कसा झळकतो. शनिवारी आजोबांनी चार थेंब टाकून विचारले होते, "आला का गं शुभ्र?" ती म्हणाली होती, "आला, बस करा." आणि त्यांनी बस केले होते.

रविवारी सकाळी त्यांनी नवी बादली कालवली आणि तोंड वाकडे केले. "पिवळा धमक माल दिलाय दुकानदारानं." त्यांनी निळ्याची बाटली घेतली. चार थेंब पडले. "आला का गं?"

मुकादमने हात मागे बांधले. "तुम्हीच बघा ना. रंग तुमचा आहे."

आजोबांना हे जरा लागले. "म्हणजे काय, मला कळत नाही होय?" त्यांनी आणखी चार थेंब टाकले. मग चमचाभर. मग ढवळले, वाकून पाहिले, पुन्हा ओतले. बादलीतला रंग आधी आभाळासारखा झाला, मग शाळेच्या शाईसारखा. मुकादमने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. चाळीस वर्षांचे नाव ती डोळ्यांदेखत बुडू देत होती. पण नाव बुडाले तर बाहेर काढता येते, सतरा पायऱ्यांचे तसे नसते, असे ती स्वतःला सांगत राहिली.

"आत्ता आला बघ," आजोबा समाधानाने म्हणाले. "याला म्हणतात शुभ्र."

दुपारपर्यंत बसायची खोली चारी बाजूंनी निळी झाली. हात मात्र असा बसला होता, की कुठे रंगाचा ओघळ नाही, कुठे डाग नाही. एवढे सफाईदार चुकीचे काम त्या इमारतीत पूर्वी कोणी केले नसेल. मुकादमला वाटत होते, आता आजोबांच्या लक्षात येईल, मग येईल. आले नाही. घड्याळात अडीच वाजले.

आजोबांनी फळी उचलली.

"आधी मुंगी काढा," ती म्हणाली.

"मुंगी शेवटी असते. माहीत आहे ना तुला?"

"या खोलीचं काम झालंय ना? मग या खोलीची मुंगी काढा. जिन्याची वेगळी."

"जिन्याला दार कुठंय?"

"म्हणूनच इथली नीट काढा."

आजोबांनी फळी खाली ठेवली. ते दारामागे जमिनीवर बसले, बारीक ब्रश काढला आणि नाक भिंतीला टेकेल इतके जवळ गेले. मुंगीला अर्धा तास लागला. मुकादमने पाय मोजले. नऊ होते. तिने पाणी पाजले, डबा उघडला, दोन घास जास्त खायला लावले, ब्रश दोनदा धुतला. तरी साडेतीनच झाले. आजोबा उठले, फळी टाकली, हाताने हलवून पाहिली आणि घोड्यावर चढू लागले.

"आजोबा, थोडं थांबा."

"आता कशाला?"

"मला शिंक येतेय."

"मग शिंक."

शिंक येईना. आजोबा पाचव्या पायरीवर होते आणि त्यांचा हात फळी चाचपडत होता, तेवढ्यात खाली जिन्यात पावले वाजली. डॉक्टरीणबाई लवकर आल्या होत्या. त्या वर आल्या, खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ उभ्याच राहिल्या.

"काका," शेवटी त्या म्हणाल्या, "हा कोणता रंग?"

"पांढराशुभ्र," आजोबा वरून म्हणाले. "तुम्ही सांगितला तोच. वरचा पट्टा राहिलाय, तासाभरात देतो करून."

बाईंनी भिंतीकडे पाहिले, मग आजोबांकडे आणि मग मुकादमकडे. मुकादम आपल्या चपलांकडे बघत होती.

"काका, आधी खाली या."

"पट्टा झाला की येतो."

"नाही, आत्ताच या. शिडीवरच्या माणसाशी बोलताना माझी मान दुखते."

आजोबा उतरू लागले आणि मुकादमच्या तोंडातून सवयीने निघून गेले, "चार. तीन. दोन. एक. जमीन." मग तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना सगळे कळले होते.

"काका, मोतीबिंदू आहे तुम्हाला. कधीपासून?"

"कोणी सांगितलं?" आजोबांनी नातीकडे पाहिले.

"भिंतीनं सांगितलं. निळी केलीय तुम्ही माझी खोली."

"छे. थोडी निळसर झाक आली असेल. झाक असावी लागते."

बाईंनी आपला पांढरा कोट भिंतीला लावून धरला. "या दोन्हीत काही फरक दिसतो?"

आजोबांनी नीट पाहिले. "दिसतो ना. तुमचा कोट पिवळट आहे. साबण बदला."

बाई हसू दाबत होत्या, पण मुकादमला हसू येत नव्हते. ती कोपऱ्यात गेली, निळ्याची बाटली उचलली आणि आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती तळव्यावर तोलली. मग हलवली. ही बाटली त्यांना वर्षभर पुरत असे. हाताला तिचे वजन पाठ होते आणि हाताला मोतीबिंदू नव्हता. बाटली रिकामी होती.

आजोबा पालथ्या बादलीवर बसले. मग त्यांनी विचारले, "किती निळी झालीय?"

"शाईएवढी," मुकादम म्हणाली.

"सगळी खोली?"

"सगळी. पण हात छान बसलाय."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कोणालाच सांगू नको म्हणालात तुम्ही."

"अगं, पण मला सांगायला काय झालं होतं?"

"कोणालाच म्हणजे कोणालाच."

आजोबांनी रिकामी बाटली तिच्याकडे रोखली. ते रागावलेत की काय ते तिला कळेना. तेवढ्यात बाईंनी दुसरी बादली पालथी केली आणि त्यांच्यासमोर बसल्या. त्यांनी चष्मा काढला, काचेवर श्वास सोडला आणि तो आजोबांच्या हातात दिला. मुलांनो, तुम्ही मघाशी केलेत ना, अगदी तसेच.

"डोळ्याच्या आत असं एक भिंग असतं. वय झालं की ते गढूळ होतं, पिवळं पडतं. निळा रंग त्यातून नीट आत जातच नाही. थेंब घालून ते निवळत नाही. गढूळ भिंग काढायचं आणि स्वच्छ बसवायचं, एवढाच उपाय."

"पण अजून पिकला नसेल."

"पिकायची वाट बघायचे दिवस गेले. तुमच्या कामात अडचण येऊ लागली, की वेळ झाली. तुम्ही तर बादलीभर अडचण करून ठेवलीय."

"वाळूच्या पिशव्या?"

"वाळू गवंड्याकडे असते. आम्ही डोळा बधिर करतो. अर्ध्या तासाच्या आत काम होतं, त्याच दिवशी घरी. आधी रक्तदाब, साखर आणि डोळ्याचं माप. एका वेळी एकच डोळा. ने-आण करायला कोणी नसेल तर दवाखान्याची गाडी येते."

आजोबा चष्म्याच्या काचेवरची वाफ हळूहळू विरताना बघत होते. "आणि मोतिया रंग?" त्यांनी विचारले. "तो मोतियाच दिसेल?"

"तो तुम्हाला आत्ता दिसत नाहीये, काका. दोन वर्षांत एकदाही दिसलेला नाही."

आजोबांनी चष्मा बाईंना परत दिला. मग नातीला सांगितले, "मुकादम, ती फळी खाली घे."

खोली पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. सोमवारी दवाखाना निळाच उघडला. जिन्याचा पट्टा दुसऱ्याच रंगाऱ्याने केला आणि आजोबांनी त्याला आठवडाभर नावे ठेवली, न बघता. घरी आजीला सगळे सांगितले ते आजोबांनीच. आजीने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला केस दिसलेच नाहीत?"

"कसले केस?"

आजी आतल्या खोलीत गेली. हसायला गेली की रडायला, ते मुकादमला दाराआडून कळले नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आजोबा फळीसारखे ताठ पडून राहिले. "मला कळतंय सगळं," ते नर्सला सांगत होते. नर्स म्हणाली, "कळू दे, फक्त हलू नका." आणि हलायचे की नाही हे ठरवण्याच्या आत ऑपरेशन संपलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या खोलीत बाईंनी पट्टी काढली, तेव्हा आजी आणि मुकादम समोर उभ्या होत्या. आजोबा बघत राहिले. आधी एका डोळ्याने, मग दोन्हींनी, मग पुन्हा त्याच एका डोळ्याने.

"केस कधी कापलेस?"

"महिना झाला."

"छान दिसताहेत." आजीने आठवडाभर बोलायला शब्द जमवून ठेवले होते, ते सगळे वाया गेले.

"महिनाभर धूळ नको, शिडी नको, डोळ्यात पाणी नको," बाई म्हणाल्या. "थेंब वेळेवर घालायचे. चार म्हटले तर चारच."

मग ते बसायच्या खोलीत आले. आजोबा उंबऱ्यातच थांबले. इतके दिवस ते सगळ्यांना सांगत होते, की बाई वाढवून सांगतात, झाक आहे नुसती. आता त्यांनी समोरची भिंत पाहिली, बाजूची पाहिली, वळून मागची पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. कोणी काही बोलायच्या आत ते दारामागे वाकले आणि त्यांनी मुंगीचे पाय मोजले. दोनदा मोजले.

"मुकादम, ओला बोळा आण," ते पुटपुटले. "एवढी तरी पुसून टाकतो. माझं नाव नको या कामावर."

"वाकू नका हो," आजी म्हणाली.

"कोणी केलंय हो हे काम?" मागून आवाज आला.

दाराशेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ काठी धरून बसले होते. ते पेशंट नव्हते, सुनेला सोबत म्हणून आले होते आणि सून आत गेली होती. आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी खोटे बोलायला तोंड उघडले, पण आजी बघत होती.

"मी," ते म्हणाले. "मीच केलंय. क्षमा करा."

"क्षमा कसली?" गृहस्थांनी मान वर करून साऱ्या खोलीवरून कौतुकाने नजर फिरवली. "इतका शुभ्र पांढरा हल्ली बघायला मिळत नाही. माझ्या घराला असाच लावाल का?"

आजोबांनी आजीकडे पाहिले. आजीने आजोबांकडे.

मुकादमने हातातला ओला बोळा खाली ठेवला, नोंदणीच्या खिडकीपाशी गेली, टाचा उंचावून पेशंटांना देतात ती नंबराची चिठ्ठी मागून घेतली आणि परत येऊन ती त्या काठीवाल्या गृहस्थांच्या हातात दिली.